ओळखीचं मांजरच आटोक्यात येतं

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कबुतरांना दाणे घालणं थांबवण्यासाठी दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली, काही दिवसांतच लोकांनी ती ओढून काढली, आणि त्याच महिन्यात भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश आले, ११ तारखेला एक आणि २२ तारखेला तो बदलणारा दुसरा. तेव्हापासून सोसायट्यांमध्ये मोकळ्या प्राण्यांना खायला घालण्यावरून जो काही वाद पेटलाय, तो विझायचं नाव घेत नाही. कबुतरं झाली, कुत्री झाली, आता पाळी मांजरांची. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, पार्किंगमधल्या गाड्यांखाली राहणाऱ्या मांजरांना खायला घालू नये, घातल्यास दंड भरावा लागेल, अशा नोटिसा फळ्यावर लागतायत. एक बाजू म्हणते, मुका जीव आहे, तुम्हाला काळीज आहे की नाही? दुसरी म्हणते, एवढा पुळका असेल तर घरी नेऊन पाळा. दोघेही तावातावाने बोलतात, एकमेकांच्या स्वभावाचे वाभाडे काढतात, आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललंय त्या मांजराबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. ते इथे का आलं, वर्षातून किती वेळा वितं, हाकललं तर जातं कुठे, त्याच्या जागी कोण येतं, हे प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगतो. ज्या मांजराशी इमारतीतल्या कुणाची तरी ओळख आहे तेच मांजर आटोक्यात आणता येतं. खायला घालण्यावर बंदी घातली की मांजर जात नाही, त्याच्याशी असलेली ओळख जाते, आणि ओळख गेली की त्याची संख्या, त्याचा आजार, त्याची पिल्लं यांवर कुणाचाच हात राहत नाही. म्हणून अशा नोटिसा मला नुसत्या निर्दयी वाटत नाहीत, त्या कुचकामी वाटतात. पण याच मताचा दुसरा अर्धा भाग मांजरप्रेमींना कडू लागेल. रोज खायला घालायचं आणि नसबंदीचं नाव काढायचं नाही, याला मी प्रेम म्हणायला तयार नाही. मांजराला हाताची सवय लावली की त्याच्या पुढच्या पिढीची जबाबदारी तुमच्याकडे आली. ती नको असेल तर वाटी ठेवू नये.

तक्रार करणारी माणसं दुष्ट असतात हे आधी मनातून काढून टाकायला हवं. तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या खिडकीखाली बोका रोज लघवी फवारून जात असेल, तर ती खिडकी उघडता येत नाही. तो वास एकदा भिंतीत मुरला की फिनेलनेही जात नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या गादीवर, स्कूटरच्या सीटवर, नव्या गाडीच्या बॉनेटवर नखांचे ओरखडे दिसले की माणूस चिडणारच. घरात दम्याचा पेशंट असेल, मांजराच्या संपर्काने होणारी ॲलर्जी असेल, तर जिन्यात लोळणाऱ्या मांजराकडे कौतुकाने बघणं त्याला शक्य नाही. आणि खायला घालणाऱ्यांची पद्धत? रात्री वर्तमानपत्राच्या कागदावर तारलीचा कालवलेला भात ओतायचा आणि वर निघून जायचं. मांजर मासा उचलतं, भात तसाच राहतो. पहाटेपर्यंत त्याला मुंग्या लागतात, गटारातून घूस येते, आणि सकाळी झाडू मारायला येणाऱ्या बाईंना ते सगळं हाताने गोळा करावं लागतं. त्या बाईंचा विचार करून कागद उचलायला खाली न येणाऱ्याने दयेवर बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता या तक्रारी एकेक करून पाहू. भिंतीवर फवारतो तो प्रामुख्याने नसबंदी न झालेला बोका, आपला इलाखा आखण्यासाठी. रात्री लहान मूल रडावं तशा ज्या आर्त आरोळ्या ऐकू येतात त्या माजावर आलेल्या मांजरीच्या आणि तिच्यासाठी भांडणाऱ्या बोक्यांच्या. शस्त्रक्रिया झाल्यावर बोक्याचं फवारणं बहुतेक वेळा थांबतं किंवा खूप कमी होतं, त्याच्या लघवीचा तो उग्र दर्प जातो, भांडणं घटतात, मांजर जाडजूड होऊन एका कोपऱ्यात झोपून राहतं. म्हणजे लोकांची तक्रार नीट ऐकली तर ती नसबंदी न झालेल्या मांजरांबद्दल आहे, आणि त्यावर इलाज आहे. तो इलाज करायचा तर आधी मांजर हाती लागायला हवं. हाती कुणाच्या लागणार? नोटीस लावणाऱ्या सेक्रेटरींच्या नक्कीच नाही.

मांजर पकडणं कुत्रा पकडण्यासारखं नाही. जाळी घेऊन गाडी आली की कुत्री भुंकतात, पळतात, पण समोर तरी असतात. मांजर गाडीचं इंजिन ऐकताच डक्टमध्ये शिरतं आणि दोन दिवस बाहेर येत नाही. ते पकडायचं तर आपोआप दार पडणारा पिंजरा लागतो, आणि त्याहून जास्त लागते ती मांजराची दिनचर्या माहीत असलेली व्यक्ती. पिंजरा लावण्याच्या आदल्या रात्री खाणं बंद ठेवावं लागतं, कारण भरल्या पोटाचं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाही, आणि भूल द्यायची तर पोट रिकामं असलेलं बरं. पिंजऱ्याच्या अगदी टोकाला, दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे सुकट किंवा उकडलेली तारली ठेवायची, पट्टीवर वर्तमानपत्राचा तुकडा अंथरायचा म्हणजे पायाला जाळी टोचत नाही. दार पडल्याक्षणी पिंजऱ्यावर चादर टाकायची. उजेडात ते थोबाड जाळीवर आपटून नाक फोडून घेतं, अंधार झाला की मिनिटभरात शांत होतं. मांजरी दूध पाजणारी आहे का, पिल्लं कुठे दडवली आहेत, हे आधी माहीत असावं लागतं, नाहीतर आई दवाखान्यात आणि पिल्लं टाकीमागे उपाशी. आणि ऑपरेशन झाल्यावर डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं असतं, त्या खुणेवरून पुढच्या वेळी कोण राहिलंय ते लांबूनही कळतं. एवढं सगळं कुणाला माहीत असतं? रोज संध्याकाळी ठरल्या वेळी वाटी घेऊन खाली उतरणाऱ्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना. किती मांजरं आहेत, त्यात माद्या किती, कुठली गाभण आहे, कुठलं लंगडतंय, नवं कोण आलंय, हा सगळा हिशेब त्यांच्या तोंडपाठ असतो. आणि आपण दंड लावतो तो त्यांना.

सरकारी नियमही हेच सांगतात, हे नोटीस काढणाऱ्यांनी बघितलेलं नसतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत परिसरातल्या प्राण्यांना खायला घालण्याची व्यवस्था करणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी ठरवली आहे, आणि तीही जी व्यक्ती खायला घालते तिला सोबत घेऊन. जागा ठरवा, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असू द्या, वेळ ठरवा, घाण होऊ देऊ नका, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. कुत्र्यांच्या बाबतीत तर खायला घालणाऱ्यांनी पकडण्याच्या, लसीकरणाच्या आणि परत सोडण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून मदत करावी अशीही तरतूद आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांना समजलेलं सत्य आपल्या कमिट्यांना समजायचंय. मुंबई महापालिकेने मांजरांची नसबंदी २०१९ च्या सुमारास सुरू केली, पुण्यातही नंतर ती आली. यंत्रणा अपुरी आहे, पण नाहीच असं म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

"मग नेऊन सोडा ना कुठेतरी लांब." हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं. मांजर पोत्यात घालायचं, पोत्याचं तोंड बांधायचं आणि बाजारात किंवा नदीपलीकडे सोडून यायचं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं या भीतीने मारण्याचं पाप टळायचं, आणि सोडून आलं की डोळ्याआड व्हायचं. शहरात आता पोत्याऐवजी खोका आला आणि नदीऐवजी कोळीवाडा. तिथे मासळी आहे, मजेत राहील, असं म्हणतात. तिथे आधीपासून मांजरं आहेत आणि प्रत्येक ओट्याची, प्रत्येक टोपलीची वाटणी त्यांनी करून घेतलेली आहे, हे सांगितलं की समोरचा गप्प होतो. नवं मांजर तिथे पहिल्याच रात्री मार खातं, किंवा घराच्या ओढीने रस्त्यावर धावत सुटतं आणि चाकाखाली येतं. इकडे आपल्या इमारतीत काय होतं? कचऱ्याची खोली उघडी, मासळीचं पाणी गटारात, पाण्याच्या टाकीमागे उबदार कोपरा, हे सगळं जसंच्या तसं. जागा रिकामी झाली की शेजारच्या इमारतीतलं मांजर ती धरतं. ते नवं, नसबंदी न झालेलं, कुणाच्याही ओळखीचं नसलेलं. सहा महिन्यांनी सभेत तोच विषय, तीच चिडचिड, आणि पुन्हा एक खोका.

हे नवीन नाही. याच मुंबईत १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, मेलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं. शिपाई घरात शिरून कुत्री ओढून नेऊ लागले तेव्हा फोर्टातल्या पारशांनी दंगल केली, दुकानं बंद पाडली, शहर थांबलं. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली, त्यामागे ही घटना होती. दंगलीपासून संस्थेपर्यंत दोन वर्षांत पोचलेलं शहर आज, पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी, पुन्हा मारा-घालवा आणि वाचवा-वाचवा याच दोन आरोळ्यांत अडकलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं. कुत्री मारणं तर पुढेही विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिलं. कमी झाली का? मारून किंवा हाकलून संख्या घटते हा समज इतकी वर्षं तपासून झालाय, आणि दर वेळी खोटा ठरलाय. १६६५ च्या प्लेगमध्ये लंडनच्या महापौराने शहरातली कुत्री-मांजरं मारायला लावली. रोगाचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं, समोर दिसणारा प्राणी तेवढा ठाऊक होता. भीतीपोटी जवळचा जीव आरोपी ठरवण्याची ती सवय अजून गेलेली नाही.

प्लेगचा विषय निघाला तर आपल्याकडचा एक माणूस आठवतो. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी वऱ्हाडातल्या गावांमध्ये घरं किती आणि मांजरं किती हे मोजून पाहिलं, आणि जिथे मांजरं भरपूर तिथे प्लेग पोचला नाही, असा दावा १९०८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला. मांजरप्रेमी अशी उदाहरणं आनंदाने पुढे करतात. मी करणार नाही. पुढे हेही दिसलं की प्लेग मांजरालाही होतो. आणि उंदरांचं म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कचरा-केंद्रात कॅमेरे लावून सुमारे अडीच महिने पाहिलं गेलं, तेवढ्या काळात मांजरांनी मारलेले उंदीर निघाले दोन. मोठा शहरी उंदीर मांजराला परवडत नाही, त्यापेक्षा कचऱ्यातला तुकडा सोपा. मांजर असलं की उंदीर जरा दबकून राहतात इतकंच. तेव्हा उंदीर मारतात म्हणून मांजरं राहू द्या, हा युक्तिवाद कच्चा आहे आणि तो सोडून द्यावा. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोची काळजी असेल तर कचऱ्याला झाकण लावा आणि बिळं बुजवा. मांजराला त्याच्या उपयोगावरून जगण्याचा परवाना द्यायचा म्हटलं तर उद्या तो काढूनही घेता येईल.

रोगराईचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यात अर्धसत्य आणि भीती सारख्याच प्रमाणात मिसळलेली असते. घरात गरोदर बाई असली की सासूबाई पहिल्यांदा मांजर बाहेर काढतात. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे खरंच आहे, आणि गर्भाला तो धोका पोचवू शकतो हेही खरं. पण मांजर तो आयुष्यभर टाकत नाही. बहुधा पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे टाकतं, आणि बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवस गेल्याशिवाय तो संसर्गजन्य होत नाही. माणसाला तो मिळतो मुख्यतः अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतून. तेव्हा गरोदर बाईने मांजराची घाण साफ करू नये, कुंडीत हात घालताना हातमोजे घालावेत, भाजी नीट धुवावी. जिन्यात झोपलेलं मांजर तिला काही करत नाही. रेबीजबाबत मी कुणालाही धीर देणार नाही. माणसाला रेबीज होतो तो जवळजवळ नेहमी कुत्र्यामुळे, पण मांजरामुळेही होऊ शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली की हातात काही उरत नाही. मांजर चावलं, नखाने रक्त काढलं, तर साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी लस घ्यायलाच हवी. आणि इथेच पुन्हा ओळखीचा मुद्दा येतो. नसबंदीसाठी पकडलेल्या मांजराला त्याच वेळी रेबीजची लस टोचता येते. ज्याला कुणी पकडू शकत नाही त्याला कोण टोचणार? मुलांच्या खेळण्याच्या आवारात लस दिलेली आठ ओळखीची मांजरं असलेली बरी, की कुणालाच माहीत नसलेली येणारी-जाणारी पंधरा?

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ, घरी नेऊन पाळा. हे वाक्य न्यायालयातही पोचलेलं आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, महापालिकेकडे नोंदवा, असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खायला घालणाऱ्याला दत्तक घेण्याची सक्ती करता येणार नाही. कायद्याचं काहीही असो, वाक्य ऐकायला न्याय्य वाटतं, हे मी मान्य करतो. पण ते सगळ्या मांजरांना एकाच मापाने मोजतं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात, आवाज, वास ओळखीचा झाला तर ते घरात रुळतं. त्या वयात माणूस न पाहिलेलं मोठं मांजर दार बंद केलेल्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली बसून राहील, खाणार नाही, पडद्यावर मुतेल, आणि खिडकी उघडी दिसली की चौथ्या मजल्यावरून उडी घेईल. त्याच्यासाठी आवार हेच घर आहे. पिल्लांसाठी आणि टाकून दिलेल्या पाळीव मांजरांसाठी मात्र घर शोधायलाच हवं, आणि तिथे मी 'घरी न्या' म्हणणाऱ्यांच्या बाजूला आहे. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात पकडणं, नसबंदी आणि परत सोडणं हा प्रयोग १९९१ पासून चालला. १९९५ नंतर तिथे नवीन पिल्लू जन्मलं नाही, आणि १९९६ ला ६८ असलेली मांजरं २००२ ला २३ वर आली. पण त्या संपूर्ण काळात नोंदवलेल्या १५५ मांजरांपैकी ४७ टक्क्यांना घरं मिळाली, ही गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. नुसत्या शस्त्रक्रियेने आकडा उतरला नाही. मांजराजवळ बसणारे, कोण माणसाळलंय ते ओळखणारे लोक रोज तिथे होते म्हणून घरं शोधता आली.

नसबंदी फसते असं सांगणारेही अभ्यास आहेत, आणि त्यांना खोटं म्हणण्यात अर्थ नाही. अर्ध्या मांजरांची नसबंदी करून थांबलात तर उरलेली अर्धी मांजरं लवकरच जागा भरून काढतात. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा माजावर येते. म्हणून काम एका दमात, सगळ्या माद्यांसकट व्हायला हवं, आणि नंतर नवं येणारं मांजर आठवडाभरात हेरलं जायला हवं. संपूर्ण शहराच्या पातळीवर हे अवघड आहे हे कुणीही सांगेल. पण एका कुंपणाच्या आत, दहा-बारा मांजरांच्या बाबतीत? एका इमारतीला जमेल असं काम आपण शहराचा प्रश्न म्हणून महापालिकेकडे ढकलतो, आणि मग महापालिका काही करत नाही म्हणून नोटीस लावतो.

खायला घालणाऱ्यांशी मला सर्वांत जास्त भांडायचं आहे, कारण ते माझे लोक आहेत. 'निसर्ग आहे, त्यात ढवळाढवळ कशाला, तिला आई होऊ द्या एकदा', असं म्हणून जे ऑपरेशन टाळतात त्यांनी पावसाळ्यात पार्किंगमध्ये एकदा नीट बघावं. एका मांजरीपासून काही वर्षांत लाखो मांजरं होतात हा जो आकडा फिरत असतो तो चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे ते कळलं की जीव कळवळतो. तेवढी होत नाहीत, कारण बहुतेक पिल्लं मरतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात झालेल्या एका पाहणीत शंभरातली पंचाहत्तर पिल्लं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा दिसेनाशी झाली. आपल्याकडे कावळे आहेत, परके बोके आहेत, सकाळी सातला घाईत निघणाऱ्या गाड्या आहेत, डोळे चिकटवून टाकणारी सर्दी आहे, आणि चार दिवसांत सगळी वीण संपवणारा पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा रोग आहे. उलट्या करून करून पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं दीड महिन्याचं पिल्लू ज्याने पाहिलंय तो 'निसर्ग' हा शब्द इतक्या सहज वापरणार नाही. नसबंदी नसेल तिथे संख्या याच मार्गाने आटोक्यात राहते. म्हणजे ढवळाढवळ नको म्हणणारा माणूस हे मरण निवडतो, फक्त ते त्याच्या नजरेसमोर होत नाही.

तीच गोष्ट दुधाची. दूध-पोळी कुस्करून घालणं आपल्याकडे पुण्याचं मानलं जातं. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात, आणि ती घाण पुन्हा तळमजल्याच्या दारात. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावं लागतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय जातं. ज्यांच्या घरी मासा-मटण शिजत नाही त्यांनी दुकानातला सुका खाऊ घालावा, तो भातासारखा आंबत नाही आणि सांडला तरी झाडता येतो. खायला घालायचं ते अर्ध्या तासात संपेल इतकंच, वाटीत, आणि वाटी उचलून घरी न्यायची.

एका ठिकाणी मात्र मी स्वतः खायला घालण्याच्या विरोधात आहे. येऊरच्या पायथ्याशी, आरेत, बोरिवलीच्या उद्यानाला लागून जिथे इमारतींची भिंत संपते आणि झाडी सुरू होते, तिथे नव्याने मांजरांचा जमाव उभा करू नये. मांजर पोट भरलेलं असतानाही शिकार करतं. ऑस्ट्रेलियात आणि कितीतरी बेटांवर मांजरांनी लहान प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं जे केलं ते कुणी नाकारू शकत नाही, आणि आपल्या रानमांजरांना, वाघाटी या छोट्या जंगली मांजराला आपल्या मांजरांचे रोग जाण्याची भीतीही खरी आहे. तिथे जी आहेत त्यांची नसबंदी आणि लसीकरण करावं, पिल्लांना घरं शोधावीत, आणि संख्या ओसरू द्यावी. डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या सिमेंटच्या आवाराला हा नियम लावणं मात्र अतिरेक होईल.

रोममध्ये ज्या जागी ज्युलियस सीझरचा खून झाला त्या अवशेषांमध्ये आज मांजरं राहतात, नसबंदी झालेली, आणि स्वयंसेवक त्यांची देखभाल करतात. इटलीने १९९१ मध्ये २८१ क्रमांकाचा कायदा करून मोकळ्या मांजरांना छळायला बंदी केली, नसबंदी करून त्यांना त्यांच्याच समूहात परत सोडावं असं ठरवलं. तिथेही मांजरांना खायला घालणाऱ्या बहुतांशी वयस्क बायका, तिथेही शेजाऱ्यांच्या कटकटी. फरक इतकाच की त्या बायकांना तिथे व्यवस्थेचा भाग मानलं गेलं.

आपल्याकडे ही बाई एकटी असते. बहुधा साठी उलटलेली, मुलं परगावी किंवा परदेशी, संध्याकाळी खाली उतरण्याला निमित्त म्हणजे ही चार-सहा तोंडं. पिंजरा उचलून रिक्षात घालण्याची ताकद तिच्या हातात नाही, दर मांजरामागे दवाखान्याचा खर्च पेन्शनमधून निघत नाही, आणि वर लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही. माणसांचं आधी बघा, मग मांजरांचं, असं तिला सुनावणाऱ्यांनी तीही माणूसच आहे हे लक्षात घ्यावं. तिला दंड करण्याऐवजी तिच्याकडून मांजरांची यादी घ्या. जिममध्ये रोज वजनं उचलणाऱ्या मुलांपैकी दोघांनी एका रविवारी पिंजरे वाहून द्यावेत. सोसायटीच्या निधीतून शस्त्रक्रियेचा खर्च मंजूर करावा. रंगकाम, गणपती, सीसीटीव्ही यांसाठी जो ठराव पास होतो तसाच हा. गेटपासून आणि मुलांच्या बागेपासून लांब एक कोपरा ठरवावा, वेळ ठरवावी, कचऱ्याच्या खोलीला दार बसवावं. आणि बदल्यात त्या काकूंकडून लेखी घ्यावं की नसबंदी न झालेलं नवं मांजर दिसलं की आठवड्यात कळवतील, पाणी-खाणं ठरल्या जागीच होईल, कागद मागे राहणार नाही. त्या नाही म्हणणार नाहीत, कारण इतके दिवस त्यांना कुणी विचारलेलंच नाही. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या शेवटच्या ओळीत न टाकता स्वतंत्र क्रमांक देऊन घ्या, आणि सभेला त्यांना यादीसकट पुढच्या खुर्चीत बसवा.